हनुवटीची पट्टी
कोऱ्या बँडेजच्या वासानं मला अकोल्याचा तो वॉर्ड आठवतो. तेव्हा मी तिथं नर्स होते. दर्यापूरकडची एक तरुण मुलगी एका दुपारी वारली. डॉक्टरांनी तिच्या आईला तसं सांगितलंही होतं. पडदा ओढून मी, तिचं तोंड मिटलेलं राहावं म्हणून, हनुवटीला पट्टी बांधायला घेतली आणि सवयीनं बोलून गेले, "बाळा, मान उचलते हं, दुखणार नाही." आई पडदा सारून धावत आत आली. "तुमी तिच्याशी बोलून राह्यल्या! म्हंजे जिती हाये ना माही पोरगी?" ती गेल्याचं मला पुन्हा सांगावं लागलं. आता अमरावतीत मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, हात लावण्याआधी रुग्णाशी बोला. मृतदेहाच्या धड्याला मात्र डमीला मुकाट्यानं पट्टी बांधून दाखवते. आज एकीनं विचारलंच, "मॅडम, याच्याशी काहून नाई बोलत तुमी?"