कासववाल्याची मेलेली बायको

बेटावर सगळे त्याला तात्या म्हणायचे. उमेदीच्या काळात त्यानं इतकी कासवं कापली की बापाचंही नाव मागे टाकलं. पुढे बेट राखीव झालं, किनाऱ्यावर कासव केंद्र आलं आणि मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशांतून राखणदार नेमले गेले. कासवं खरंच वाढली, हे कबूल करायलाच हवं. तात्यालाही काम मिळालं. संध्याकाळी पिल्लं समुद्रात सोडण्याआधी पाहुण्यांना सांगायचं, "पूर्वी मारायचो, आता राखतो."

"यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तात्या," केंद्राचा मॅनेजर म्हणाला. "बायको आजारी होती, तुम्ही शिकारीवर होतात, ती एकटी तडफडून गेली, असं सांगा."

"अहो साहेब, ती धडधाकट आहे. तुमच्याच चादरी धुते."

"मग कार्यक्रमाच्या वेळी तिनं मागच्या अंगणात राहायचं."

तात्यानं थोडे आढेवेढे घेतले, पण पहिल्याच दिवशी दोन बायका रडल्या आणि गड्याला चटक लागली. आयुष्यभर ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, त्याचा हात आता शिकलेली माणसं हातात घेत होती. बायकोनं सगळं थट्टेवारी नेलं. चादरी दोरीवर टाकताना म्हणायची, "चला, संध्याकाळ झाली. माझी मरायची वेळ झाली." दोघंही हसायची.

एका सकाळी तिच्या पोटात अशी कळ आली की ती बादलीवरच वाकली. केंद्राची बोट पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या शहरात बाजाराला निघाली होती. तात्यानं तिला उचलून बोटीत घातलं. आदल्या संध्याकाळी त्याची कहाणी ऐकून हमसून रडलेली एक पाहुणी शेजारीच बसली होती.

"कोण हो ही?"

"आमच्याकडची धोबीण," तात्याच्या तोंडून निघून गेलं.

बायकोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पाहुणी फार मायाळू निघाली, तेच नडलं. बाजार सोडून ती इस्पितळात आली. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल, घरच्यांची सही हवी.

"हिच्या नवऱ्याला घेऊन येतो," तात्या म्हणाला आणि बाहेर फाटकापाशी जाऊन बसला. ही बाई कंटाळून निघून गेली की नवरा म्हणून आत शिरायचं, असा त्याचा बेत होता.

बाई जाईना. "नवरा येईपर्यंत मी हिला सोडणार नाही," असं तिनं नर्सला बजावलं होतं. तात्या दारातून डोकावला की तिची पाठ दिसायची, आणि तिच्या हातात बायकोचा हात. आत जायचं आणि सही करायची, एवढंच काम होतं. खवळलेल्या समुद्रात बेधडक उडी घेणारा हा मर्द एका परक्या बाईपुढे खोटा पडायला भ्याला. केंद्रात कळलं तर काम जाणार, मान जाणार. दुपार कलली, कार्यक्रमासाठी बोट परत निघाली. डॉक्टर काहीतरी करतीलच, अशी मनाची समजूत घालून तो बोटीत चढला.

तो वाळूवर उभा राहून बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात दुसरी बोट धक्क्याला लागली. पाहुणी उतरली आणि सरळ त्याच्यापाशी आली.

"तुमची धोबीण गेली हो. शेवटी डॉक्टरांनी सहीवाचूनच पोट उघडलं, पण फार उशीर झाला होता. तुम्ही आणायला गेलात, पण नवरा नावाचा प्राणी काही फिरकला नाही. आत नेताना बिचारी तापात बरळत होती. म्हणे, संध्याकाळ झाली, माझी मरायची वेळ झाली. आणि हसत होती."

तात्या मटकन खाली बसला. कपाळ वाळूवर आपटून गुरासारखा हंबरला. त्याला आवरायला पाहुण्यांनी गर्दी केली. कितीतरी जण रडत होते.

पिल्लं समुद्रात गेल्यावर मॅनेजरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वा, तात्या. उद्याही अगदी असंच करा."