चपला घालून कॉम्प्युटर

तन्वीर परकार माझ्याकडे पहिल्यांदा आला तो मला कॉम्प्युटर विकायला. अठ्ठ्याण्णव साल असेल. मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते, खेडच्या पोरांना मराठी शिकवून शिकवून घसा बसला होता, आणि हा मुलगा भर वैशाखात गळ्यात टाय बांधून दारात उभा. मी म्हटलं, "आधी तो फास सोड, मग पाणी पी, मग काय ते बोल." त्यानं सगळं सांगितल्या क्रमानं केलं. कॉम्प्युटर काही मी घेतला नाही, पण मुलगा आवडला.

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं अख्खा रत्नागिरी जिल्हा त्याच्या गळ्यात मारला होता. एसटीनं फिरायचा, मिळेल तिथं झोपायचा. त्याचे अब्बा, रशीदभाई, जन्मभर जहाजावर खलाशी. त्यांच्या मोहल्ल्यात मुलगा हाताशी आला की एक तर जहाज, नाहीतर गल्फ. हा तिसरीकडेच निघालेला. रशीदभाई रस्त्यात भेटले की म्हणायचे, "बाई, आमच्या साहेबांना व्हिसा नको, डबे विकायचेत." रागानं नाही हो, काळजीनं म्हणायचे.

विकायला तो शिकला पोफळीत, असं तोच सांगतो. पोफळीला कोयनेचं वीजघर आणि कर्मचाऱ्यांची वसाहत. नोकरदार माणसं, शिकणारी मुलं, गिऱ्हाईक उत्तम. आता या शहाण्यानं काय करावं? एका इंजिनिअरच्या घरात बसून त्यानं बॅटरीचं कौतुक लावलं. वीज गेली तरी कॉम्प्युटर कसा चालू राहतो, काम कसं वाया जात नाही, वगैरे. इंजिनिअरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, वीज इथं तयार होते. ती आमच्याकडून तुमच्याकडे जाते." घरातली सगळी पोट धरून हसली. तन्वीरही हसला, आणि मग म्हणे आयुष्यात पहिल्यांदा त्यानं समोरच्याला विचारलं, तुम्हाला काय हवंय? इंजिनिअरची बायको मुलांच्या शिकवण्या घ्यायची. प्रश्नपत्रिका हातानं लिहून लिहून तिची बोटं दुखायला लागली होती. कॉम्प्युटर तिनं घेतला, प्रिंटरसकट.

तेव्हापासून तो आधी विचारतो आणि मग बोलतो. माझ्या वर्गात असता तर मीच शिकवलं असतं, पण तो उर्दू शाळेतला.

दोन हजार एकमध्ये नोकरी सोडून त्यानं एसटी स्टँडजवळ गाळा भाड्यानं घेतला आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. त्या वेळी कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर. बाहेर चपला काढायच्या, आत गालिचा, बोलायचं हळू. तन्वीरनंही आधी तसंच केलं. माणसं दारापर्यंत यायची, आत डोकवायची, आपल्या पायांकडे बघायची आणि निघून जायची. गावाकडून एसटीनं आलेली माणसं, पाय लाल मातीनं भरलेले, टाचांना भेगा. त्या पायांनी गालिच्यावर जायची लाज वाटायची बिचाऱ्यांना. हे त्याच्या लक्षात आलं, आणि खरं सांगते, माझ्या आलं नसतं. त्यानं गालिचा गुंडाळून टाकला आणि बाहेर पाटी लावली, "चपला घालून आत यावे." संध्याकाळी लादी स्वतः पुसायचा. महिन्याभरात बसायला जागा मिळेना. दुकानदार आले, अंगणवाडीच्या बाया आल्या, गल्फला जायच्या आधी चार गोष्टी शिकून घ्यायला मोहल्ल्यातली पोरं आली.

ही माणसं जे विचारायची ते तो संध्याकाळी लिहून काढायचा. चुकीचं बटण दाबलं तर हा फुटेल काय? पुसलेलं कुठं जातं? त्यातूनच त्यानं पुस्तक लिहायला घेतलं, मराठीत. मी म्हटलं, "उर्दूत शिकलास आणि मराठीत लिहितोस?" म्हणाला, "बाई, विचारणारे मराठीत विचारतात. उत्तर उर्दूत कसं देऊ?" झालं, माझं लाल पेन पुन्हा बाहेर आलं. दोन वर्षं तो माझ्या पडवीत वह्या घेऊन बसायचा आणि मी त्याच्या तोंडाला फेस आणायची. आमचे हे, हरिहरराव, वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "सोड त्याला, पळून जाईल." शिंचा पळाला नाही. पुस्तक मात्र असं झालं, की ज्या यंत्राची मला पाण्यात पडल्यासारखी भीती वाटायची, त्यावर मी पुस्तक तपासता तपासता टाईप करायला लागले. नाव त्यानंच ठेवलं, 'चपला घालून कॉम्प्युटर'. त्या नावात मी काना मात्रा बदलला नाही.

पुण्याचा एक प्रकाशक मिळाला. आम्ही दोघं भेटायला गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, पुस्तकाला नावाजलं, महाराष्ट्रभर पोचवतो म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "कव्हरवर बाईंचं नाव घेऊ. मराठीच्या शिक्षिका, वाचकाला विश्वास वाटतो. परकारांचं आत घेऊ, तांत्रिक साहाय्य म्हणून." स्पष्टच सांगायचं तर परकारानं लिहिलेलं मराठी पुस्तक कोण घेणार, असं त्याच्या मनात होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. तन्वीरनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "विचार करून कळवतो."

परतीच्या एसटीत मी त्याच्याशी बोलले नाही. तोच बोलला. "बाई, मी मार्केटिंगवाला. गिऱ्हाईक आधी पाकीट बघतं, मग आतला माल. स्वतःच्या नावासाठी रुसलो तर पुस्तक खेड-चिपळूणच्या बाहेर जाणार नाही. तुमचं नाव द्या." मी म्हटलं, "जे मी लिहिलं नाही त्यावर माझं नाव?" तर म्हणाला, "कंपनीत असताना फोनवर मी नाव सांगायचोच नाही. खेडहून बोलतोय, एवढंच म्हणायचो. त्यानं काम भागायचं." इतकी वर्षं मला वाटायचं, मुलगा घाईत असतो म्हणून नाव सांगत नाही. खिडकीकडे तोंड करून मी पदर डोळ्यांना लावला.

आम्ही आठवडाभर भांडलो. शेवटी मी दमले. त्याचं पुस्तक, त्याचं आयुष्य. मी नाही म्हटलं तर ते वहीतच राहणार होतं. ईद झाली की हो-नाही सांगते, असं मी म्हटलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याला त्यांच्याकडे गेले. प्रकाशक घाईचा, त्यानं कव्हरचा नमुना आधीच पाठवला होता. छान रंगीत कव्हर, मधोमध चपलांचा जोड, वर पुस्तकाचं नाव, खाली माझं. लीला मुळ्ये. तन्वीरची आई, शमीमबी, उर्दू वाचते, मराठी अक्षर तिला येत नाही. तिनं ओले हात पुसले, कव्हर दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाली, "यात तुझं नाव कुठं? बोट ठेव."

रशीदभाई बाहेर पाहुण्यांत. मग तन्वीरनं बोट ठेवलं, माझ्या नावावर. म्हणाला, "हे, अम्मी." मी मान खाली घालून शिरखुर्म्याच्या वाटीत बघत राहिले. शमीमबीनं कव्हर उचललं, त्या नावाचा मुका घेतला आणि ते डोळ्यांना लावलं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "माझं हो-नाही ऐकायचंय?" तो म्हणाला, "नको." तडक क्लासमध्ये गेला, मी मागोमाग. प्रकाशकाला फोन लावला आणि म्हणाला, "मी तन्वीर रशीद परकार बोलतोय. पुस्तक मी लिहिलंय. माझ्या नावानं छापायचं नसेल तर छापू नका." इतक्या वर्षांत फोनवर पूर्ण नाव सांगताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या तोंडावरून कळलंच.

पुस्तक त्यानं चिपळूणच्या छापखान्यात स्वतः छापलं आणि स्वतःच विकलं. शाळांत, यात्रांत, एसटी स्टँडवर टेबल मांडून. पहिली आवृत्ती संपायला दीड वर्ष लागलं, दुसरी लवकर संपली. आता दापोली, गुहागर धरून त्याचे पाच क्लास आहेत आणि पुस्तकं काढायचा व्यवसाय वेगळा आहे. रशीदभाई जहाज सोडून गल्ल्यावर बसतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की डबे विकायची कल्पना मुळात त्यांची. पण मला सांगायचंय ते पहिल्या प्रतीचं.

छापखान्यातून गठ्ठा आला तसा तो मला स्कूटरवर घालून घरी घेऊन गेला. शमीमबी तांदूळ निवडत होती. तिच्या हातात त्यानं पुस्तक दिलं आणि तिनं विचारायच्या आधीच बोट ठेवलं. "अम्मी, हे माझं नाव."

तिनं बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बाईंची मान वर आहे, म्हणजे खरं असणार."

तन्वीरचं बोट तिथंच राहिलं. "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?" मी विचारलं.

"तुम्ही वाटीत बघत बसलात, तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "घरात पाहुणे आलेले, पोराला खोटं कसं पाडू?"

"मग त्या नावाचा मुका कशाला घेतलात?"

शमीमबीनं सूप बाजूला ठेवलं. "त्याचं नव्हतं तर तुमचंच असणार," ती म्हणाली. "दोन वर्षं माझ्या पोराला पडवीत बसवून शिकवलंत. दुसरं कुणाचं असतं तर घेतला नसता."

मी आयुष्यभर पोरांना रडू नका म्हणून दटावलं. त्या दिवशी शमीमबीच्या स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडले, आणि तिनं मला रडू दिलं.