कानवाल्याचे हेडफोन

माझा थोरला भाऊ कानाच्या डॉक्टरांकडे लोकांचे कान तपासतो. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, हे त्याचं काम. तिथे त्याला सगळे 'कानवाले' म्हणतात आणि त्याला ते फार आवडतं. मला तो माणूस आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी मला समजवायला यायला नको.

जेवताना तो नेहमी एकच फुशारकी मारतो. नुकसानभरपाई मिळावी म्हणून बहिरेपणाचं सोंग घेऊन काही जण तपासणीला येतात. "कितीही मोठा आवाज दे, बटण दाबायचे नाहीत. मग मी कागदात मान घालून हळूच म्हणतो, तुमच्या कॉलरवर झुरळ आहे. हात गेलाच मानेवर!" हे सांगताना तो इतका हसतो की घास अडकतो, आणि आई त्याची पाठ चोळत बसते.

त्याने लग्न केलं नाही, हेडफोन घेतले. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन गुळगुळीत वाट्या, बाहेरच्या बाजूला बारीक जाळी, आतून मऊ चामड्याच्या गाद्या. त्यांना ठेवायला वेगळी घोडी, पुसायला वेगळं फडकं, आणि लाकूड सुकू नये म्हणून तेलाचा थेंब. आईच्या गुडघ्यांना तेल लावायला मात्र मी. घरी कोणी आलं की याचं प्रवचन सुरू. "हे उघड्या पाठीचे आहेत. बंद हेडफोनमध्ये आवाज कोंडतो, यात तो मोकळा श्वास घेतो." पाहुणे माना डोलवायचे. मीही चहा देता देता ते शेकडो वेळा ऐकलं आणि त्याचा अर्थ काय होतो हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आईचे गुडघे गेले तेव्हापासून तिला धरून न्यावं लागतं, पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं. मी औषधांच्या दुकानात काम करते आणि रविवारी माझी पाळी असते. म्हणून रविवारी आई दादाकडे, असं ठरलं होतं. त्याची खोली आणि आईचा पलंग यांच्यामध्ये भिंतीऐवजी एक लाकडी फळी आहे, बस्स.

संध्याकाळी परत यावं, तर आईचं अंथरूण ओलं आणि तिने तोंड भिंतीकडे केलेलं.

"हाक नाही मारलीस?"

"मारली गं. त्याच्या कानावर ते होतं ना. त्याला कसं ऐकू जाणार?"

दादा दारात उभा राहून तोंड पाडायचा. "खरंच ऐकू नाही आलं गं. हेडफोन होते."

"मग एक कान उघडा ठेव!"

"एका कानाने संगीत ऐकतात का? तुला त्यातलं काय कळतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी मी सायकलची घंटा आणून आईच्या पलंगाला बांधली. दादाने ती वाजवून पाहिली, "झकास" म्हणाला. पुढच्या रविवारी त्याला घंटाही ऐकू आली नाही.

मग एका रविवारी आई एकटीच उठली आणि न्हाणीघराच्या दारात पडली. खालच्या काकूंना धप्प आवाज ऐकू आला, त्या धावत वर आल्या, दार बडवलं. दादाने दार उघडलं तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यात होते. आईचं कमरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलात तो ढसाढसा रडला. "हेडफोन होते हो," असं येईल त्याला सांगत राहिला. लोक त्याचंच सांत्वन करत होते, त्याला पाणी देत होते.

मी आईचे कपडे न्यायला घरी आले आणि थेट त्याच्या खोलीत शिरले. ते हेडफोन खिडकीतून भिरकावून द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. हातात घेतल्यावर वाटलं, बघू तरी असं काय स्वर्गसुख आहे ज्यात आई ऐकू येत नाही. कानांवर चढवले, गाणं लावलं.

गाणं छान होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या गाण्यातून मला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. खाली काकू मांजरावर ओरडत होत्या, तो शब्दन् शब्द ऐकू आला. जाळीतून सगळं घर आत येत होतं. मी उठून आईच्या पलंगाची घंटा वाजवली. ती तर थेट कानातच वाजली. मी हेडफोन जागेवर ठेवले आणि आईचे कपडे पिशवीत भरले.

आई घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "त्याला ऐकू येत होतं, आई. प्रत्येक वेळी."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्याचं गाणं फळीतून इकडे येतं. बारीक, पण येतं. मी हाक मारली की ते थांबायचं. मग जरा वेळाने परत लागायचं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय बोलू? माझ्याच पोटचा तो. हेडफोन होते म्हणून निदान लोकांना सांगायला काहीतरी होतं."

मला आईचाही राग आला. खूप आला.

रविवारी दुकानातून रजा घेतली. दुपारी दादा दाराकडे पाठ करून बसला होता, कानांवर अक्रोडाच्या वाट्या, डोळे मिटलेले. मी मागे जाऊन उभी राहिले. जवळून ते गाणं मलाही ऐकू येत होतं. दवाखान्यात तो बोलतो तितक्याच हळू आवाजात मी म्हणाले, "आईला सगळं माहीत आहे."

त्याची मान हलली नाही. हात मानेवर गेला नाही. गाणं मात्र थांबलं.

फळीपलीकडून आईने विचारलं, "थांबलं का गं?"

मी 'हो' म्हणेपर्यंत ते परत लागलं होतं.