रहमीम सरांचे तेलाचे डबे

शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारची दुपार; आज काम करायचं नाही, लिहायचंसुद्धा नाही. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेलं माशाचं कालवण पोटात गेलंय आणि शिमशोनभाऊ वाकरूळकर आरामखुर्चीत असे पसरलेत, की एक डोळा झोपलाय आणि दुसरा भिंतीवरच्या पालीवर पहारा करतोय. खोटं नाही सांगत, त्या दुसऱ्या डोळ्यालाच रहमीम सर दिसतात.

रहमीम सर झिराडकर जाऊन अकरा वर्षं झाली. अलिबागकडच्या शनिवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंच्या घरातला माणूस. घाण्याच्या बैलामागे फिरता फिरता हिब्रू, अरबी, सुरयानी शिकला. पुढे पुढे बैलही तिन्ही भाषांत थांबायचा म्हणतात. तिन्ही भाषांचा मराठीतून कोश करायचा म्हणून सरांनी चाळीस वर्षं कार्डं लिहिली, तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरली आणि जाताना ते डबे शिमशोनच्या, आपल्या एकुलत्या एका शिष्याच्या हवाली केले. उद्या त्याच कोशासाठी सिनेगॉगची, आपल्या प्रार्थनामंदिराची, मंडळी भाऊंना शाल पांघरणार आहेत. कोश छापखान्यात गेलाय, असं भाऊंनी गावभर सांगून ठेवलंय ना.

कोश छापखान्यात नाही. कुठे आहे ते सरांना ठाऊक असावं, कारण त्यांच्या कोटाला कबरस्तानातली लाल माती लागलेली आहे.

"चल," सर म्हणतात.

आरामखुर्ची घाण्याला जुंपलेली आहे. बैलाच्या जागी भाऊच फिरताहेत. मागून सर विचारतात, कुठवर आलं? चालू आहे सर, भाऊ म्हणतात. दर फेऱ्याला तोच प्रश्न, दर फेऱ्याला तेच उत्तर. मग पायाखाली गवत येतं, आजूबाजूला थडगी येतात आणि घाण्याच्या जागी एक खड्डा असतो.

"इथे का पुरलेस?"

उत्तर भाऊंनी अकरा वर्षं घासूनपुसून ठेवलंय. देवाचं नाव लिहिलेला कागद आपल्यात फेकत नाहीत, जाळत नाहीत, माणसासारखा मातीत पुरतात. सिनेगॉगच्या फाटक्या पोथ्या पुरायच्या होत्या, त्याच खड्ड्यात डबेही गेले. त्या आठवड्यात घराला रंग द्यायचा होता आणि डबे पायात येत होते, एवढं मात्र भाऊ गाळतात.

"नाव होतं ना सर त्यांवर."

"कुठल्या कार्डावर?"

भाऊ खड्ड्याच्या काठाशी बसतात.

सर खाली उतरतात, एका डब्याचं झाकण उचकटतात आणि कार्डं एकेक करून भाऊंच्या मांडीवर ठेवत जातात. जिथे देवाचं नाव यायला हवं, तिथे प्रत्येक वेळी बोटभर जागा कोरी.

"चाळीस वर्षं ही जागा सोडत आलो, शिमशोन. कुणाला कार्डं पुरावी लागू नयेत म्हणून. तू झाकणसुद्धा उघडलं नाहीस."

आवाजात राग नाही. असता तर भाऊंना बरं वाटलं असतं. खड्डा आपल्या मापाचा आहे का, ते भाऊ नजरेनेच बघून घेतात.

सर टाक पुढे करतात. "पहिल्यापासून लिही."

"आज शब्बाथ आहे, सर."

"बरं आठवलं. आणि बाकीचे सहा दिवस?"

भाऊ टाक धरतात. पहिलं कार्ड, बाप. हिब्रूत अव, अरबीत अब, सुरयानीत अबा. अक्षरं बालवर्गातल्यासारखी वाकडी येताहेत. सर खांद्यावरून वाकून बघतात, तिळाच्या तेलाचा वास येतो, आणि भाऊंना मान वर करायचा धीर होत नाही.

"अहो, उठा. चहा घ्या."

लेआबाई कप पुढे करतात आणि तिथेच थांबतात. नवऱ्याच्या मधल्या बोटाला, टाक टेकतो बरोब्बर तिथे, जांभळी शाई आहे. ओली. या घरात अकरा वर्षांत दौत आलेली नाही.

"सहा दिवस कागदाला शिवायचं नाही," बाई म्हणतात, "आणि शब्बाथला लिहायला बसायचं. थांबा, लिंबाची फोड देते. उद्या शाल घेताना चारचौघांत दिसेल ते."

भाऊ बोट मुठीत लपवतात. मग ती हळूच उघडते.

"लिंबू नको," ते म्हणतात. "शालीच्या आधी मंडळींना हेच दाखवायचंय. कोश इथवरच आलाय."