लहानूभाऊंचा होकार

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाला, म्हणजे शहराभोवतीच्या तटाला, जागोजागी लहान दरवाजे आहेत. त्यांना खिडक्या म्हणतात. अशाच एका खिडकीला लागून लहानूभाऊंचं केशकर्तनालय आहे. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, कोपऱ्यात खडखडणारा कूलर आणि बाकावर पानापानांत वाटला गेलेला पेपर. वार्डातली माणसं त्याला दुकान म्हणत नाहीत, लोकसभा म्हणतात.

या लोकसभेत लहानूभाऊंनी कधी कोणाला विरोध केला नाही. वडिलांची शिकवण होती, "लहान्या, गिऱ्हाईकाच्या गळ्यावर आपला वस्तरा असते. तेव्हा निदान तोंडानं तं त्याले कापू नको." भाऊंनी ती आयुष्यभर पाळली. सकाळी कोणी खुर्चीत बसून म्हणे, ही गर्मी वीज केंद्रामुळे वाढली. भाऊ म्हणत, "बराबर हाय." दुपारी दुसरा म्हणे, वीज केंद्राला उगीच नाव ठेवतात, झाडं कोणी तोडली ते बोला. तेव्हाही "बराबर हाय." दोघेही गुळगुळीत गालांनी आणि समाधानाने घरी जात.

"घरातला कूलर तरी एकाच दिशेनं हवा फेकते," आशाबाई, त्यांच्या पत्नी, हसून म्हणत. "तुमचं तं जिकडे खुर्ची तिकडे मान."

"बराबर हाय," भाऊ म्हणत, आणि दोघंही हसत.

होळीच्या आधी वार्डात एक नवा भाडेकरू आला. इसरू मट्टामी, एटापल्लीच्याही आत, जंगलातल्या एका गावचा. सत्यशीलाबाईंच्या गच्चीवरची खोली त्याने घेतली होती. या बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. इसरू वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होता. पहाटे बॅटरी घेऊन धावायला जाई, दिवसभर अभ्यासिकेत बसे. बोलणं आश्रमशाळेत शिकलेलं, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. पहिल्यांदा कटिंगला आला तेव्हा खुर्चीत इतका ताठ बसला, की भाऊंना म्हणावं लागलं, "सैल बस बाबू, फोटो नाई काढून राह्यलो."

मुलगा हसला आणि मग बोलता झाला. गावात रेंज नव्हती. दिवस मावळताना त्याची आई दोघीतिघी बायकांसोबत डांबरी सडकेच्या चढापर्यंत चालत यायची. तिथे रेंज मिळे. म्हणून तोही त्याच वेळी गच्चीवर चढायचा. आवाज तुटायचा, तेव्हा दोघंही ओरडून बोलायचे. आपल्या माडिया बोलीत.

"काय बोलता एवढं?"

"कोंबडी किती पिल्लं घेऊन बसली, मोहाची फुलं पडायला लागली का, हेच. आईला वाटतं मी इथे उपाशी राहतो. सांगा, शहरात आल्यावर आईशी बोलण्यासाठी सुद्धा वेळ काढायला पाहिजे ना?"

"बराबर हाय," भाऊ म्हणाले, आणि त्या दिवशी ते मनापासून म्हणाले. मानेवरचे केस झटकताना त्यांना स्वतःची आई आठवली होती.

मग एका सकाळी पत्रूजी दाढीला बसले. पत्रूजी कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते, पण मत मात्र साहेबाचं ठेवत. बाकावर आणखी दोघं वाट पाहत होते.

"लहानू, बाईच्या गच्चीवरचा पोरगा पाह्यला का तू?" फेसातून पत्रूजी बोलले. "तिकडचा हाय, जंगलातला. अंधारात बॅटरी घेऊन निघते. रोज दिवे लागायच्या टायमाले वर चढून कोणाशी तरी जोरजोरानं बोलते. भाषा तं कोणालेच समजत नाई. एवढी कोणाले खबर देऊन राह्यला हा? एकटी बाई, तिनं असे भाडेकरू ठेवावे काऊन?"

वस्तरा हनुवटीखाली होता. "बराबर हाय," भाऊ म्हणाले. जीभ आपोआप चालली, हातासारखी.

एवढ्यावर भागलं असतं. पण नेमक्या त्याच वेळी भाजीची पिशवी घेऊन सत्यशीलाबाई दारावरून चालल्या होत्या. पत्रूजींनी त्यांना हाक मारून तेच सगळं पुन्हा ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि मग त्या भाऊंकडे वळल्या.

"लहानूभाऊ, पत्रूजींचं सोडा. सगळा वार्ड तुमच्या खुर्चीत बसून जातो. तुम्हाला माणूस कळतो. तुम्ही सांगा, काय करू?"

आरशात पत्रूजी पाहत होते. बाकावरचे दोघेही पाहत होते. डांबरी सडक, दोघीतिघी बायका, कोंबडीची पिल्लं, सगळं भाऊंच्या ओठांवर होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"पत्रूजी म्हणते ते बराबरच हाय, बाई," ते म्हणाले. आणि कोणी मागितलं नसताना वर जोडलं, "आजकाल कोणाचं काही सांगता येत नाई."

बाई भाजीची पिशवी सावरून निघून गेल्या.

चार दिवसांनी जेवताना आशाबाईंनी बातमी दिली. "त्या इसरूले खोली खाली कराले सांगितली म्हणते. बाईकडे पाहुणे येऊन राह्यले. पोराची धावायची चाचणी तोंडावर आली, आता कुठी जाईन बिचारा?"

भाऊंचा घास हातातच राहिला. बाईंकडे वर्षानुवर्षं कोणी पाहुणा आला नव्हता, हे वार्डातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून गिऱ्हाईकाच्या कानाला वस्तरा लागला. संध्याकाळी गच्चीवरून इसरूचा आवाज आला, की ते कूलरचा वेग वाढवत. तरी ऐकू येई.

आणि मग तो स्वतःच आला. कटिंग झाली, अंगावरचं कापड निघालं, तरी खुर्चीतून उठेना.

"भाऊ, एखादी खोली आहे का ओळखीत? मैदान जवळ पाहिजे. बाई म्हणत होत्या, तुमचा शब्द इथे सगळे मानतात. त्यांचे पाहुणे येणार नसते तर मी कुठे गेलो नसतो. फार चांगल्या आहेत बाई."

भाऊ कंगव्यातले केस काढत राहिले. "पाहतो," एवढंच म्हणाले.

दुकानाचं दार अर्धं ओढून ते तडक बाईंच्या घरी गेले. ओसरीवर उभे राहूनच बोलले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. इसरूची आई, सडकेचा चढ, सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी न्हावी आहो, बाई. खुर्चीत बसल्या माणसाच्या उलट आम्ही बोलत नाई."

"खुर्चीत पत्रूजी होते, भाऊ. विचारत मी होते." बाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे भाऊंना अधिकच लागलं. "तुमच्या शब्दावर त्या लेकराशी मी खोटं बोलले. पाहुणे येणार म्हणाले. आता कोणत्या तोंडानं थांब म्हणू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

दिवस मावळतीला भाऊ गच्चीचा जिना चढले. इसरू कठड्याशी उभा राहून फोनवर ओरडत होता, मध्येच हसत होता. भाऊ शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांना एक शब्द कळत नव्हता, आणि तरी सगळं कळत होतं. फोन संपल्यावर, आपण बाईंना काय म्हणालो होतो ते त्यांनी सांगितलं. पाहुणे कोणी येणार नाहीत, हेही. पत्रूजींचं नाव मात्र घेतलं नाही. त्यांच्या हिशेबी आता ती पत्रूजींची चूक राहिलीच नव्हती, त्यांची स्वतःची होती.

इसरूने फोन खिशात ठेवला.

"मी आईचं सांगितलं, तेव्हा तुम्ही बराबर आहे म्हणाला होता," तो म्हणाला. "मी तिला लगेच कळवलं होतं. इथे एक भाऊ भेटले, त्यांना आपलं कळतं."

भाऊ शेवटची पायरी चढून गच्चीवर आले.

"तू थांब, बाबू. बाईच म्हणते, थांब म्हणून."

"नाही भाऊ. आता गच्चीवर आलो की मला हळू बोलावंसं वाटेल. आणि हळू बोललं तर आईला ऐकू येत नाही."

तो आपल्या गावच्या मुलांकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. एका खोलीत पाच जण, आणि मैदान लांब. बाईंनी ती खोली पुन्हा भाड्याने दिली नाही.

पुढच्या आठवड्यात पत्रूजी दाढीला आले. फेस लावून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं, तो पोरगा गेला."

भाऊंनी वस्तरा खाली ठेवला. बाकावर बसलेल्यांनी पेपरातून डोकी वर काढली.

"नाई, पत्रूजी. बरं नाई झालं. आपल्या मायशी बोलायचा तो. मले माहीत होतं."

पत्रूजी फेसाने माखलेल्या तोंडाने आरशातल्या लहानूकडे पाहत राहिले. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी तं काहीही बोलत रायतो रे," ते हळूच म्हणाले. "घरी कोणी ऐकत नाई, म्हणून इथी येऊन बोलतो. तू बराबर हाय म्हटलं, तेव्हा मले वाटलं, असनच खरं."

भाऊंच्या ओठांवर नेहमीचे दोन शब्द आले होते. ते त्यांनी गिळले, वस्तरा उचलला आणि पत्रूजींची हनुवटी दोन बोटांनी वर केली. बाहेर दिवे लागत होते. गच्ची रिकामी होती.