आप्पांचं बास्केटबॉल

संक्रांत झाली आणि आठच दिवसांत आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पंचवीस वर्षं सुरतजवळच्या उधन्याच्या पॉवरलूमवर काढल्यामुळे कान आधीच अधू झाले होते. आता माझ्या वडिलांशी बोलायचं कसं आणि त्यांचं ऐकायचं कसं, हेच कळेनासं झालं.

आई सकाळी सहालाच साड्यांना घड्या घालायच्या कामावर निघून जायची. मला मार्केटमधल्या दुकानात अकराला पोचायचं असे. मधल्या वेळात आप्पा माझ्याकडे. त्यांचं तोंड धुवायचं, दूध-चपाती कुस्करून भरवायची, कूस बदलायची.

"भजन लायी दे त्यास्नाकरता," आई म्हणाली. म्हणून मी एका सकाळी टीव्हीचं बटण दाबत भजन शोधत होते. मध्येच अमेरिकेतला बास्केटबॉलचा सामना लागला. मी पुढे जाणार, तोच आप्पांनी घशातून आवाज काढला. महिनाभरात पहिल्यांदा ते काहीतरी मागत होते. मी हात बटणावरून काढला. ते सामना संपेपर्यंत हलले नाहीत.

मग तोच आमचा नेम झाला. तिकडे रात्र असायची, इकडे आम्ही उशीला टेकून बसलेलो. निवेदकाचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, आप्पांना ऐकूच यायचं नाही. चेंडू जाळीतून पडला की ते डाव्या हाताने माझं मनगट दाबायचे. त्यांना यात काय दिसत होतं, मला कधीच कळलं नाही.

"धोटासारखा इकडथून तिकडे पयस ना चेंडू, म्हनीसन," आई म्हणाली. असेलही. मागावरचा धोटा त्यांनी पंचवीस वर्षं असाच पळताना पाहिला होता.

मी स्वतः शाळेत बास्केटबॉल खेळत होते. बडोद्याला सामने होते, तेव्हा चड्डी घालून खेळायचं म्हणून आप्पांनीच मला जाऊ दिलं नव्हतं. त्यांना ते आठवत होतं का? विचारून उत्तर मिळणार नव्हतं. मी विचारलं नाही.

जूनमध्ये अंतिम सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी टेनिस आलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. मी सगळी चॅनेलं फिरवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खुणा केल्या, पाटीवर मोठ्या अक्षरांत 'संपलं' लिहिलं. त्यांना वाटत होतं, मीच लावत नाहीये. रोज सकाळी तेच.

शेवटी मी केबलवाल्याकडे गेले.

"बेन, सीझन पूरी थई. हवे शियाळामां," तो म्हणाला.

"जुनी कॅसेट तरी लावा ना, भाई. अर्धा तास."

"ऊपरथी आवे ते ज चाले, बेन. मारा हाथमां तो खाली वायर छे."

त्याचंही खोटं नव्हतं, वरून येईल तेच तो दाखवणार. सामने आता हिवाळ्यात येणार, म्हणून मी दिवाळीची वाट पाहू लागले.

दिवाळी झाली, सामने आलेच नाहीत. पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या: अमेरिकेत संघमालक आणि खेळाडूंचा पैशांवरून वाद, खेळ बंद. मी आईला वाचून दाखवलं.

"तठेबी मालकस्नी बंद करी दिधं?" आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

डिसेंबरात काका आले. आईचे हात सुजलेले, माझी नोकरी, आप्पांच्या पाठीला जखमा. काका म्हणाले, "गावी घेऊन जातो. घरात माणसं आहेत, दिवसभर कुणी ना कुणी जवळ बसेल." आईने आप्पांचे कपडे बांधले. चार जणांनी आप्पांना उचलून जीपमध्ये ठेवलं. त्यांनी माझं मनगट धरलं, ते काकांनी हळूच सोडवलं.

फेब्रुवारीत एका सकाळी सामने अचानक सुरू झाले. मी तशीच एसटीडी बूथवर धावले. गावात शेजाऱ्यांकडे फोन होता. काकूंना बोलावून आणलं.

"काकू, आप्पांना सांगा ना, सुरू झालं म्हणून."

"काय सुरू व्हयनं?"

"बास्केटबॉल. टीव्हीवर."

"ते काय ऱ्हास वो?"

गावात केबल नव्हती, तिथल्या टीव्हीवर ते दिसणार नव्हतं, आणि दिसत नसलेल्या गोष्टीचं आप्पांना खुणेने काय सांगायचं, हे मलाही सुचेना. "काही नाही, काकू," मी म्हणाले, "त्यांची कूस बदलत जा."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी चार दिवस आप्पा गेले.