माझ्या लग्नातला बार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईहून त्याच्याकडंच निघाले होते, एसटीत जागासुद्धा मिळाली होती. आदल्या आठवड्यात भेटून आले तेव्हा त्यानं मला एक काम सांगितलं होतं. ते मी केलं नव्हतं, आणि आता त्याला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती... वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "मंगल, लवकर ये." लवकर जाऊन तरी काय करणार होते? दादा सुटला, काम माझ्या गळ्यात राहिलं.

श्रीपतदादा माझा थोरला भाऊ. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव, काळी जमीन, खाऊनपिऊन सुखी घर. नव्वदनंतरची ती वर्षं. किराणा दुकानात थंड बाटल्या आल्या, माळवदांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, जो तो काहीतरी नवं घेऊन गावाला दाखवत होता. कुणी जीप घेतली, कुणी फटफटी. आमच्या दादानं ठरवलं रायफल घ्यायची. आमच्या सात पिढ्यांत कुणी बंदूक धरलेली नव्हती. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला आम्ही विळे, कुऱ्हाड आणि आजोबांचा अडकित्ता मांडायचो. पण रानडुकरं पीक नासतात हे कारण खरंच होतं, खेटे घालून घालून त्यानं परवाना काढला.

औरंगाबादला दुकानात गेला तेव्हा मीही बरोबर होते, कारण माझ्या लग्नाचा बस्ता त्याच फेरीत बांधायचा होता. दुकानदार नव्या कोऱ्या बंदुका दाखवत होता आणि दादाची नजर कोपऱ्यातल्या जुन्या रायफलीवर. लष्करानं काढून टाकलेली, परवान्यात बसावी म्हणून नळी बदललेली. लाकडावर ओरखडे, पट्टा नवा. "ही लढाईत गेलती का?" दादानं विचारलं. "गेली असंल," दुकानदार म्हणाला. झालं, पसंत. मग बाजारात बैल बघावा तशी त्यानं ती पुढून मागून चाचपली, दात तेवढे बघायचे राहिले. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, ही छऱ्याची बंदूक न्हाई. हिची गोळी लई लांब जाती. पुढं काय हाय ते बघूनच चाप ओढायचा." दादा हो हो म्हणाला. म्हणताना तो दुकानातल्या आरशात स्वतःला बघत होता.

घरी आईनं रायफलीला ओवाळलं, कुंकू लावलं. ओसरीत दोन खुंट्या ठोकून दादानं ती टांगली. गोळ्या काही मनाला येईल तेवढ्या मिळत नाहीत, म्हणून हा पठ्ठ्या रिकाम्या रायफलीनंच नेम धरायचा. लिंबावरच्या कावळ्यावर, देवळाच्या कळसावर, एकदा तर पापड वाळत घालणाऱ्या माझ्यावर. आईनं लाटणं फेकून मारलं तेव्हा कुठं थांबला. खरी गोळी त्यानं बांधाच्या मातीत झाडली असेल तेवढीच. तरी पारावर मात्र शिकारीच्या गप्पा. आम्ही त्याला हसायचो, पण मनातून त्याचं कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडं शेवटचं 'सावधान' झालं की मांडवाबाहेर दारू ठासलेल्या उखळीचा बार काढतात. माझ्या लग्नात दादा म्हणाला, उखळी बंद, यंदा रायफल. तो ऐन उन्हाळा होता, विहिरी तळाला गेलेल्या, गाव टँकरवर. लग्नासाठी आणि गावासाठी म्हणून रशीदमामूंचा टँकर आला होता आणि वेशीजवळच्या लिंबाखाली उभा होता. रशीदमामू आमच्या भागातले जुने ड्रायव्हर, अख्खं गाव त्यांना मामूच म्हणायचं. जेवणाला वेळ होता म्हणून ते टँकरच्या सावलीत, खालीच आडवे झाले होते.

अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या आणि बार झाला. कान बधिर झाले. वाजंत्री वाजायच्या आधी कुणीतरी ओरडलं, "पाणी गेलं, पाणी!" टँकरच्या पोटाला भोक पडून धार लागली होती. बघता बघता मांडव रिकामा झाला. वऱ्हाडी, आचारी, करवल्या, हाताला लागेल ते भांडं घेऊन सगळे धारेकडं पळाले. मांडवात उरलो आम्ही नवरा-नवरी आणि भटजी. नवऱ्यानं पहिल्यांदा माझ्याशी बोलून विचारलं ते हेच, "तुमच्याकडं असंच असतं का?" लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि टँकरखालून मामू निथळत बाहेर आले. ते कुणावर ओरडले नाहीत. दादाकडं बघून म्हणाले, "दादा, मी खाली झोपलो व्हतो."

दादा तिथंच मटकन खाली बसला. माझ्या पाठवणीलाही समोर आला नाही. तक्रार मामूंनीच होऊ दिली नाही. "शादीचं घर हाय. बार वर काढायला गेला, हात हालला. चूक कुणाकडूनबी होती," असं त्यांनी ठाण्यात सांगितलं. रायफल दादानं ठाण्यात जमा केली ती पुन्हा आणली नाही. खुंट्या तशाच राहिल्या. गाव चारदोन वर्षं हसलं आणि विसरलं. मामू जाता-येता ओसरीवर चहाला थांबायचे. दादा स्वतः कप आणून द्यायचा, पण समोर बसायचा नाही. काहीतरी काम काढून गोठ्याकडं जायचा. आम्ही समजायचो, स्वभाव.

त्या शेवटच्या भेटीत दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. "मंगल, हात हालला न्हवता... मी नेम धरला व्हता. टाकीच्या झाकणावर. म्हटलं, बघावं नेम लागतोय का. सगळ्यांनी बघावं." दम लागला म्हणून थांबला. "मामूला तू सांग. मला जन्मभर जमलं न्हाई." मला त्याचा राग आला, कीव आली, आणि सगळ्यात जास्त लाज वाटली. हा माणूस आमचा. आणि त्याला माफ करून मामू चहाला येत राहिले. मी दादाला हो म्हणाले आणि घरी आले. आठवडाभर मामूंच्या घराकडं पाऊल वळलं नाही. दादा बरा होईल, मग त्याचं तोच बघेल, असं मनाशी म्हणत राहिले.

तेराव्याला मामू आले. आता थकलेत, काठी लागते. त्या खुंट्यांखाली बसले, आणि आलेल्या पाहुण्यांना दादाचं मोठेपण सांगायला लागले. कसा दिलदार, कसा कुणाचं वाईट न चिंतणारा. मला ऐकवेना. पाहुणे पांगल्यावर त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. दादाच्याच शब्दांत, एक शब्द मागं न ठेवता.

मामू बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. चहा निवून गेला. मग त्यांनी खालमानेनंच विचारलं, "बेटी, नेम धरताना... मी त्यांना दिसलो व्हतो का?"

"न्हाई मामू," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

त्यांनी मान हलवली, तो गार चहा संपवला आणि हळूहळू उठून गेले. दादाला हे मी विचारलंच नव्हतं.